चन्नप्पांची माशी

चन्नप्पा कुणाकडंही दोन्ही डोळ्यांनी बघत नसत. समोर माणूस आला, की ते डावा डोळा घट्ट मिटत, उजव्या हाताची मूठ पुढं करून अंगठा उभा करत, आणि त्या अंगठ्याच्या टोकावर तुमचं नाक बरोबर बसलं की मगच म्हणत, "हां! बोला आता."

मी शुक्रवार पेठेत भाड्यानं राहायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या नाकाचा असा नेम धरला गेला. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. असा अंगठा धरून मापं घेणारी माणसं मी पाहिलेली होती, म्हणून मला वाटलं, वा, शेजार कलावंताचा मिळाला. मी विचारलंसुद्धा, "आपण चित्रं काढता?"

"काढत न्हाय," चन्नप्पा म्हणाले. "उडवतो."

समोरच्या घरात नवी सून आली तेव्हा तर मोठाच घोटाळा झाला. दुसऱ्याच दिवशी ती रडवेली होऊन सासूला म्हणाली, "दुकानातले आप्पा मला डोळा मारतात." सासू शेंगा फोडत होती. तिनं मानही वर केली नाही. "मला बी मारतेत की. पोस्टमनला बी मारतेत. काल म्हशीला मारत हुते. तू आपलं काम कर."

गल्लीच्या तोंडाशी चन्नप्पांचं बारदानाचं दुकान होतं. रिकामी पोती, सुतळी, दोरखंड, दाभण, बस्स. साठीचा माणूस, कपाळावर विभूतीचे ठसठशीत तीन पट्टे, गळ्यात लिंग, स्वच्छ धोतर, आणि एखाद्या सुभेदाराला उसनी द्यावी अशी मिशी. पोत्यांच्या थप्पीवर ते बुरुजावर बसल्यासारखे बसत आणि तागाच्या धुळीनं दणादण शिंकत. शिंक झाली की स्वतःच म्हणत, "एक बार झाला."

कारण त्यांच्याकडं खरोखरच बंदूक होती. वडिलांच्या वेळची, विलायती, बारा बोरची दुनळी. मोहोळजवळ त्यांची थोडी जमीन होती, तिथं रानडुकरं ज्वारी खात. पिकाच्या रक्षणासाठी म्हणून वडिलांना परवाना मिळाला, तो पुढं यांच्या नावावर आला. डुकरं आपली ज्वारी खातच राहिली. बंदूक मात्र सोलापुरात, दुकानामागच्या खोलीत, रोज तेलपाणी होऊन भिंतीवर विराजमान असायची.

"आप्पा, तुम्ही शुद्ध शाकाहारी. तुम्हाला बंदूक कशाला?" मी एकदा विचारलं.

"याक?" चन्नप्पा कानडीत उसळले. म्हणजे, का बरं? "शाकाहारी मानसानं निस्ती कोशिंबीर चिरायची का? शिस्त पायजे मास्तर, शिस्त!"

मला वाटलं, शाळेतली शिस्त. तसं नव्हतं. नेम धरायचा तो म्हणजे शिस्त धरायची, हा जुना शब्द त्यांनी मला शिकवला आणि मग दिवसातून इतक्या वेळा वापरला, की शाळेत हेडमास्तर "मुलांना शिस्त लावा" म्हणाले की आता बार होणार म्हणून माझे हात आपोआप कानांवर जायचे.

त्या बंदुकीनं आजवर एकच जीव घेतला होता, तो एका दुधी भोपळ्याचा. मोहोळच्या शेतात बाभळीला टांगून चन्नप्पांनी तो टिपला. मग कापडात गुंडाळून मोटारीनं सोलापुरात आणला आणि गल्लीला शिकारीचं जेवण घातलं. पंगत बसली. चन्नप्पा वाढत वाढत सांगत होते, "ज्याच्या घासात छर्रा येईल तो भाग्यवान!" आमचा पोस्टमन इतका भाग्यवान निघाला, की त्याची अर्धी दाढ गेली. त्यानंतर कित्येक दिवस चन्नप्पांची पत्रं शेजारच्या घरात पडत होती.

पण या बंदुकीचं एक दुखणं होतं. नळीच्या टोकावर, वरच्या अंगाला, धातूचा एक बारीक मणी असतो. नेम धरताना डोळा, तो मणी आणि सावज एका ओळीत आणायचं. बंदूकवाले त्या मण्याला माशी म्हणतात. वडिलांच्या हयातीतच ती माशी पडून हरवली होती. "बापानं बंदूक दिली," चन्नप्पा उसासून म्हणत, "पन माशी न्हाय दिली. बगा, हितंच माशी शिंकली."

मी पेठेत आलो त्या सुमारास त्यांनी नवी माशी बसवायचं मनावर घेतलं होतं. विजापूर वेशीजवळ महबूबभाईंचं लहानसं दुकान होतं. ते बंदुका दुरुस्त करत आणि बंदुका नसतील तेव्हा स्टो आणि बॅटऱ्या. त्यांनी प्रथम पितळेची माशी बसवली. चन्नप्पांनी मला गच्चीवर नेलं आणि रिकाम्या बंदुकीनं दूरच्या गिरणीच्या धुराड्यावर नेम धरला. बराच वेळ धरला. मग बंदूक माझ्या हाती देऊन म्हणाले, "मास्तर, तुमी बगा. माशी दिसती?"

"दिसते की."

"सपष्ट?"

"अगदी स्पष्ट."

"हूं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ती माशी परत. कारण काय, तर पितळ उन्हात चमकतं आणि डोळा दिपतो. मग चांदीची आली. ती म्हणे ढगाळ हवेत विरघळते. मग हाडाची पांढरी आली. ती पांढऱ्या भिंतीपुढं हरवते. लाल काचेची आली तेव्हा ते म्हणाले, "ही तर कुंकवावानी दिसती. नेम धरायचा का नमस्कार करायचा?" गल्लीत प्रत्येकाचं या विषयावर मत होतं. दूधवाला म्हणाला, मोठी बसवा. ती शेंगा फोडणारी सासू म्हणाली, हळदीचं बोट लावा. चन्नप्पा सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी हात झटकत म्हणत, "होगली बिडरी!" म्हणजे, जाऊ द्या, सोडा. आणि संध्याकाळी पुन्हा महबूबभाईंकडं.

एकदा मी बरोबर होतो. महबूबभाईंनी लांबूनच हात जोडले. "अप्पा, पितल दिया, चांदी दिया, हड्डी दिया, लाल काच बी दिया. अब क्या नली पे मुर्गी बिठाऊँ?"

"रागावता कशाला?" चन्नप्पा म्हणाले. "शिस्तीचा मामला हाय."

"बंदूक बारा बोर की है," महबूबभाई माझ्याकडं वळून म्हणाले, "और ये अप्पा तेरावा बोर!"

अशातच ग्रीक आले. ते पोत्यातून आले. कुणीतरी रद्दी भरून पोती विकली होती, त्यांतल्या एकाच्या तळाशी मुखपृष्ठ नसलेलं, मागची पुढची पानं गेलेलं एक इंग्रजी पुस्तक निघालं. चन्नप्पा ते घेऊन धावतच माझ्याकडं आले. पानावर चित्र होतं. डोक्यावर ब्रशासारखा तुरा असलेलं शिरस्त्राण, हातात भाला, गोल ढाल.

"मास्तर, ह्यो कोन?"

"ग्रीक योद्धा. स्पार्टा नावाच्या गावचा. फार पूर्वीचा."

चन्नप्पांनी अंगठा उभारून चित्रावर नेम धरला. "मिशी न्हाय?"

"शिरस्त्राणाखाली झाकली असेल."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले आणि माझ्या कॉटवर मांडी घालून बसले. मला ते पान वाचून, मराठीत सांगावं लागलं. परक्या बादशहाची अफाट फौज चालून आलेली असते. ग्रीकांची मूठभर माणसं खिंड अडवून उभी असतात. बादशहा निरोप धाडतो, हत्यारं खाली ठेवा. आणि स्पार्टाचा राजा उलट निरोप पाठवतो, या आणि घेऊन जा.

चन्नप्पा उठून उभे राहिले. "काय म्हनला?"

"या आणि घेऊन जा."

"अय्यो शिवने!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "ह्याला म्हंत्यात मानूस! वीर म्हंजे आमचेच की. वीरशैव! हे लोक मूळचे आमच्याकडलेच असनार. अक्कलकोटच्या खालनं कुटनं तरी गेलेले."

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी तेच पान वाचायला लावत. मी पुढचं पान उलटू लागलो की हात आडवा घालत. "फुडचं नको. हितंच बरं वाटतंय."

त्या लोकांच्या ढालीवर उलट्या 'व्ही'सारखी खूण असे, हेही त्या पानावर होतं. आणि रायफलीला मागच्या बाजूला नेम धरायची जी खाच असते, ती सुलट्या 'व्ही'सारखी. हा योगायोग चन्नप्पांना झोपू देईना. दुनळीला अशी खाच नसते, असं महबूबभाई घसा कोरडा करून सांगत होते. "मागं सुलटा व्ही, फुडं माशी, आनि ढालीवर उलटा व्ही," चन्नप्पा बोटांनी दाखवत. "जग वरनं बी बंद, खालनं बी बंद. वैरी जाईल कुटं?"

त्या वर्षीच्या खंडेनवमीला, म्हणजे शस्त्रपूजेच्या दिवशी, त्यांनी गल्लीला ग्रीक दाखवायचं ठरवलं. घरातल्या मोठ्या पितळी परातीवर मी काळ्या रंगानं उलटा 'व्ही' काढून दिला. वनस्पती तुपाचा डबा कापून शिरस्त्राण झालं, आणि तागाचा झुबका लाल रंगात बुडवून वर तुरा. धोतर, कोट, डोक्यावर डबा, एका हातात परात, दुसऱ्या हातात बंदूक असे चन्नप्पा ओट्याला पाठ लावून उभे राहिले. बायका ओवाळून गेल्या. पोरं चिडीचूप. इतक्यात मागून ओट्यावर कुणाचीतरी शेळी चढली. ओट्यावर उभ्या शेळीचं तोंड आणि चन्नप्पांचा तुरा बरोबर एका उंचीवर आले.

"आप्पा, शेळी!" मी हळूच म्हणालो.

"शिस्त!" चन्नप्पा ओठ न हलवता म्हणाले.

"आप्पा, ती तुरा खातीय!"

"ग्रीक हलत नसतो."

शेळीनं अर्धा तुरा शांतपणे संपवला. उरलेला ओढून काढताना डबाच निघून आला, आणि तो तोंडात धरून तिनं गल्लीतून धूम ठोकली. मग मात्र ग्रीक हलला. पुढं शेळी, मागं बंदूक माझ्या हातात कोंबून परातीसकट पळणारे चन्नप्पा, आणि त्यांच्या मागं सगळी पेठ. ती नवी सून हसता हसता ओट्यावरच बसली. आप्पांची तिला वाटणारी भीती त्या दिवशी संपली.

हरतील ते चन्नप्पा कसले! त्यांनी माझ्याकडून दुकानासाठी पाटी रंगवून घेतली. एका बाजूला शिरस्त्राण, आणि ठळक अक्षरांत 'या आणि घेऊन जा!' परिणाम असा झाला, की बाजारच्या दिवशी आलेले शेतकरी पोती उचलून चालू लागले. चन्नप्पा हाका मारत मागं धावले तर ते म्हणाले, "पाटी लावलीया की तुमी!" एका म्हातारीनं तर, "देव भलं करो," असा आशीर्वाद देऊन दोरखंडाचं भेंडोळं नेलं. तिला त्यांनी अडवलं नाही. पाटीही काढली नाही. "शब्द मागं घ्यायचा नसतो," म्हणाले.

मग आणीबाणी सैल झाली आणि निवडणुका लागल्या. मतदानाआधी परवान्याच्या बंदुका पोलिसांकडं जमा करायच्या असा नियम. एका सकाळी भोसले हवालदार गल्लीत शिरले. चन्नप्पांनी लांबूनच नेम धरला. हवालदार दुकानासमोर थांबले, मान वर करून पाटी सावकाश वाचली, आणि म्हणाले, "आप्पा, आलो. घेऊन जातो."

दूधवाल्यानं माप हवेत धरलं ते तसंच. इतिहासातला तो प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडतोय, असं मला वाटलं. चन्नप्पा थप्पीवरून खाली उतरले. छाती काढून, मिशीवर हात ठेवून उभे राहिले.

"फौज किती हाय?" त्यांनी विचारलं.

"मी येकटाच," भोसले म्हणाले. "आन् सायकल बी पंक्चर हाय."

चन्नप्पांनी क्षणभर विचार केला. मग मिशीवरचा हात खाली आला. "च्या घेनार?"

चहा झाला. चन्नप्पांनी बंदूक नव्या कोऱ्या पोत्यात घातली, तोंड सुतळीनं शिवलं आणि, सायकल पंक्चर, तेव्हा ते पोतं खांद्यावर घेऊन स्वतःच निघाले. वाटेत हवालदारांना ग्रीकांची गोष्ट सांगत होते. भोसले "आरं तिच्या!" म्हणत होते. वैऱ्याला घरी पोहोचवायला गेलेला योद्धा मी तेवढाच एक पाहिला.

निवडणुका झाल्या, निकाल लागले, दिल्लीत सरकार बदललं. बहुतेकांनी आपापल्या बंदुका परत नेल्या. चन्नप्पांनी नेली नाही. शेवटी भोसले हवालदार माझ्याकडं आले. "मास्तर, तुमी सांगा आप्पाला. लई निरोप धाडले, या आनि घिऊन जा म्हनून."

"ते तिकडं येतच नाहीत?"

"येत न्हाईत कसं? रोज येत्यात! दुकान मिटलं की चौकीवर. पन न्यायचं नाव काडत न्हाईत."

मी गेलो बघायला. पोलीस चौकीच्या व्हरांड्यात बाकावर चन्नप्पा बसलेले. मांडीवर बंदूक, हातात तेलाची चिंधी. दोन शिपाई पट्टे सैल करून समोर बसलेले. मध्ये कागदावर शेंगांची चटणी आणि भाकरी. चन्नप्पा खिंडीची गोष्ट सांगत होते, आणि ऐकणाऱ्यांत आतल्या कोठडीचे गज धरून उभा असलेला एक मध्यमवयीन माणूसही होता. त्याचं नाव नागू. तो मोहोळचा. सोलापूरच्या मोटार स्टँडवर कुणाचा तरी खिसा कापल्याच्या संशयावरून त्याला आणलं होतं.

"...आनि राजा म्हनला, या आनि घिऊन जा!" चन्नप्पांनी गोष्ट संपवली.

"मग फुडं?" गजाआडून नागूनं विचारलं. "आलं का त्ये? काय झालं त्या मानसांचं?"

चन्नप्पा गोंधळले. "फुडचं... फुडचं मास्तरांनी वाचलं न्हाय अजून."

तेवढ्यात आतून साहेब आले. भले गृहस्थ, पण त्या दिवशी वैतागले होते. "आप्पा, ही चौकी आहे, चावडी नाही. बंदूक ओळखा, सही करा आणि घेऊन जा." शिपायानं चन्नप्पांच्या मांडीवरची बंदूक घेतली आणि उरलेल्या बंदुकांबरोबर टेबलावर मांडली. चन्नप्पा पुढं झाले, आणि थाटात एक बंदूक उचलून म्हणाले, "ही बगा माजी बाय!"

"आप्पा," भोसले हळूच म्हणाले, "ती पाटलांची. येकनळी हाय. तुमची दुनळी."

चन्नप्पांचा चेहरा उतरला. मग ते नको इतक्या मोठ्यानं हसले. "गंमत केली!" सगळे हसले. मी मात्र त्यांचा हात बघत होतो. तो दुसऱ्या बंदुकीच्या नळीवरून पुढं सरकत टोकाला गेला, तिथला मणी बोटानं चाचपला, आणि मग कुठं त्यांनी ती उचलली.

घरी पोहोचल्यावर बंदूक भिंतीवर टांगून म्हणाले, "मास्तर, ते पुस्तक काडा. त्या नागूनं इचारलंय. फुडचं वाचा."

मी वाचलं. खिंडीतले सगळे मारले गेले होते. राजाही. ते ऐकून चन्नप्पांनी मान हलवली, जणू हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं. पण पुढं एका शिपायाची हकीकत होती. त्याचे डोळे आले होते, काही दिसत नव्हतं, म्हणून लढाईआधी राजानंच त्याला माघारी पाठवलं होतं. तो तेवढा जगला. घरी परतला, तर गावात कुणी त्याच्याशी बोलेना. भ्याड म्हणू लागले. चुलीला विस्तवसुद्धा कुणी देईना.

"इस्तू बी न्हाय?" चन्नप्पांनी विचारलं.

"नाही."

"त्याचे डोळेच गेलते की. त्याचा काय दोष?"

"गावाला तसं वाटलं नाही."

"होगली..." ते म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द उच्चारलाच नाही. बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आल्याचा गलका चालला होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला माशी दिसत न्हाय, मास्तर. पितळंची न्हाय, चांदीची न्हाय. महबूबभाईचा काय बी दोष न्हाय. उजव्या डोळ्याफुडं समदं धुरकट. डावा बी आता त्याच्या वाटंनं निघालाय. मानसं आवाजावरनं वळकतो मी."

तेव्हा मला आठवलं, की गेल्या आठवड्यात माझ्या नाकावर नेम धरून ते मला "बोला वैनी" म्हणाले होते आणि मी हसून सोडून दिलं होतं. "आप्पा, मोतीबिंदू असेल. ऑपरेशननं जातो. कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुनाला सांगू? पोरगा भिलाईला. सांगितलं तर म्हनंल, दुकान बंद करा आनि हिकडं या. तितं कोन वळकतंय मला? हितं निदान डोळा मारतो म्हनून तरी लोक नाव घेत्यात."

मी काहीतरी धीर देणारं बोललो. ते ऐकत नव्हते. "त्या शिपायाचं," ते म्हणाले, "पुस्तकात अजून काय हाय? कुनी एकजन तरी गेला का त्याच्या घरी?"

पुढची पानं फाटलेली होती. मी तसं सांगितलं.

काही दिवसांनी नागूला सोडून दिलं. त्याच्यावर काही शाबीत झालं नाही. पण मोहोळला त्याच्या भावानं त्याला दारात उभं केलं नाही, आणि तो सोलापूरच्या स्टँडवर येऊन बसला. ही बातमी भोसले हवालदारांनी सहज दुकानात सांगितली. चन्नप्पांनी मला बोलावलं. "चला मास्तर. मला त्याचं तोंड दिसायचं न्हाय. तुमी दाखवा."

आम्ही दोघं स्टँडवर गेलो. नागू पाण्याच्या टाकीजवळ गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. चन्नप्पा त्याच्यासमोर उभे राहिले आणि चौकीतल्यासारखंच मोठ्यानं म्हणाले, "आरं, तू फुडचं इचारलं हुतंस न्हवं? मास्तरांनी वाचलंय. चल, सांगतो." नागूनं वर बघितलं. तो उठला तो आमच्याबरोबर चालतच आला, आणि चन्नप्पा सगळी वाट त्याला खिंडीतल्या लढाईबद्दल सांगत होते.

गल्लीत गवगवा झाला. शेंगा फोडणाऱ्या सासूनंच तोंडावर विचारलं, "आप्पा, खिसेकापू दुकानात ठेवताय व्हय?"

"माझ्या दुकानात खिसे हायेत कुटं?" चन्नप्पा म्हणाले. "पोती हायेत. फाटलेली शिवायची हायेत. ह्याची बोटं लई हलकी हायेत, बगा तरी!"

आणि खरंच, नागू दाभण असा चालवायचा की शिवण कुठून सुरू झाली ते कळू नये.

पुढं एका दुपारी मी शाळेच्या प्रदर्शनासाठी सुतळी आणायला गेलो. दुकानाची फळी अर्धी लावलेली होती आणि मागच्या खोलीतून धूर येत होता. मी घाबरून आत डोकावलो. चन्नप्पा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. परात बोटांनी चाचपत, तवा अंदाजानं शोधत. नागू भिंतीला टेकून ताट घेऊन बसला होता.

"कोन, मास्तर?" पावलांवरून त्यांनी ओळखलं. "या, बसा. भाकरी चाललीय." मग पिठाचे हात तसेच धरून, जरा ओशाळल्यासारखे म्हणाले, "बायको गेल्यापासनं दुपारची चूल पेटवलीच न्हवती मी. केळ्यावर, चुरमुऱ्यावर भागवायचो. एकट्या मानसानं उगं घरात धूर कशाला करायचा?"

मी नागूशेजारी बसलो. चन्नप्पांनी तव्यावरची भाकरी काढून अंदाजानं त्याच्या ताटात टाकली.

"नागू, करपली का रं?"

"न्हाय आप्पा," नागू म्हणाला. "ब्येस हाय."

भाकरी अर्धी काळी झाली होती. नागूनं ती मोडली, चटणीला लावून सगळी खाल्ली, आणि आणखी एक मागितली.